घरातल्या दुष्काळाची आणेवारी

पाऊस रुसला, पिके करपली, की सरकारी यंत्रणा एक मोजमाप करू लागते. शिवारातील उभ्या पिकाचा अंदाज घेऊन आणेवारी लावायची आणि ती पन्नास पैशांच्या आत आली की गाव टंचाईग्रस्त ठरवायचे, ही पद्धत महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. आणे चलनातून केव्हाच गेले, पैसेही गेल्यात जमा आहेत. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेने पर्जन्यमान, उपग्रहाने टिपलेली हिरवाई, जमिनीतील ओल असे नवे निकष आणले. मूळचा विचार मात्र तोच राहिला. दुष्काळ जाहीर झाला की जमीन महसुलात सूट मिळते, सहकारी कर्जाचे पुनर्गठन होते, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती मिळते, विद्यार्थ्यांचे परीक्षा शुल्कही माफ होते. कर्ज फेडण्याची इच्छा आहे, परंतु या वर्षी ऐपत नाही आणि त्यात ऋणकोचा दोष नाही, एवढी गोष्ट समाजाने येथे एकमुखाने मान्य केलेली असते.

हाच दुष्काळ सबंध गावावर न येता एकाच घरावर येतो, तेव्हा काय होते? घरातील कर्ता पुरुष पक्षाघाताने आडवा पडतो, मूत्रपिंडे निकामी होऊन आठवड्यातून दोन-तीन वेळा रक्तशुद्धीसाठी त्याला न्यावे लागते, किंवा यंत्रात हात सापडून कायमचे अपंगत्व येते. घरात येणारा पैसा निम्म्यावर उतरतो किंवा थांबतो, आणि जाणारा पैसा त्याच महिन्यापासून दुप्पट होतो. शेजारच्या घरी पीक चांगले आलेले असते, गावाची आणेवारी सत्तर पैसे असते, आणि या एका घरात मात्र पाच पैशांचेही पीक नसते. त्या घराची आणेवारी लावणारा तलाठी अजून नेमला गेलेला नाही.

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव हे दोन तालुके या प्रश्नाच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. पूर्वेकडील भाग कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर पोसलेला. नारायणगावचा टोमॅटो, जुन्नरची द्राक्षे, सातगाव पठाराचा बटाटा, आणि दोन सहकारी साखर कारखान्यांना जाणारा ऊस. पश्चिमेकडे भीमाशंकरच्या डोंगररांगांत महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांचा भातशेतीवर व हिरड्यावर चालणारा संसार. (ज्या आंबेगावाने तालुक्याला नाव दिले ते गाव स्वतः डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले आणि तालुक्याची कचेरी घोडेगावास राहिली, हाही या भागाच्या अर्थकारणाचाच एक धडा आहे.) पुणे-नाशिक रस्त्याने या दोन्ही तालुक्यांना चाकण-भोसरीच्या कारखानदारीशी जोडले, मंचर व नारायणगाव येथे बँकांच्या शाखा वाढल्या, आणि पगारदार वर्गाच्या खिशात, मग तो प्राथमिक शिक्षक असो, पंचायत समितीतील कारकून असो की कारखान्यातील कंत्राटी कामगार असो, क्रेडिट कार्ड येऊन बसले.

तथापि या भागात नुसते 'कार्ड' म्हटले की शेतकऱ्याला प्रथम आठवते ते किसान क्रेडिट कार्ड. १९९८ साली सुरू झालेली ही योजना शहरी कार्डाहून सर्वस्वी वेगळी असली, तरी आजारपणाचा घाला दोघांवर कसा पडतो हे शेजारी-शेजारी ठेवून पाहिले म्हणजे प्रश्नाचे मर्म कळते. किसान कार्डाचा दर शेकडा ७. वेळेवर फेड केल्यास केंद्राची शेकडा ३ सवलत, आणि त्यावर राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना. परिणामी ३ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्या शेतकऱ्याला व्याजाचा भार जवळजवळ राहतच नाही. या कर्जमर्यादेत दहा टक्के रक्कम घरखर्चासाठीही धरलेली असते, ही जमेची बाजू. परंतु या सगळ्या इमल्याचा पाया 'मुदतीत' या एका शब्दावर उभा आहे.

ही मुदत बहुतेक विकास सोसायट्यांच्या सभासदांना ठाऊक असते ती ३१ मार्चच्या रूपाने. त्या तारखेला पैसा हाती नसला, तर धडधाकट शेतकरी काय करतो? चार-आठ दिवसांसाठी नातेवाइकाकडून हातउसने घेतो, प्रसंगी सावकाराकडे जातो, कर्ज भरल्याचे दाखवतो आणि नव्याने उचल करून उसने परत करतो. गावच्या भाषेत यालाच 'नवेजुने करणे' म्हणतात. कागदावर वसुली शंभर टक्के होते, सवलत शाबूत राहते. पण नवेजुने करायला धावपळ लागते, पत लागते, आणि 'पुढच्या हंगामात हा माणूस उभा राहील' असा उसने देणाऱ्याचा विश्वास लागतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला यांपैकी काहीही जमत नाही. म्हणजे ज्याला सवलतीची गरज सर्वात कमी त्याला बिनव्याजी कर्ज, आणि ज्याला सर्वाधिक त्याला पूर्ण दराने, थकल्यावर त्याहूनही चढ्या दराने आकारणी, असा उफराटा न्याय तयार होतो. योजना करणाऱ्यांचा हेतू असा नव्हता हे उघड आहे. पण बक्षीस वक्तशीरपणाला ठेवले की आजारी माणूस आपोआप बेशिस्तांच्या रांगेत जाऊन बसतो.

कार्डाचे गणित

किसान कार्डाची कथा शेकडा सातची. नोकरदाराच्या कार्डाची कथा शेकडा चाळीसच्या पुढची आहे. महिन्याला साडेतीन टक्के हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. वर्षाला तो बेचाळीस टक्के होतो, आणि त्या व्याजावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर बसतो तो निराळा.

समजा, मंचरच्या एखाद्या कचेरीतील कारकुनाच्या कार्डावर पत्नीच्या आजारात ६० हजार रुपयांची बाकी झाली. महिन्याचे व्याज २,१०० रुपये, त्यावरील कर ३७८ रुपये. बँकेच्या पत्रकात ठळक छापलेली 'किमान देय रक्कम' साधारण ३ हजार रुपये. ती त्याने निमूटपणे भरली, की २,४७८ रुपये व्याजात आणि करात जातात आणि मुदलातून वजा होतात फक्त ५२२ रुपये. कार्डावर पुढे एक पैशाचीही खरेदी न करता वर्षभर असेच ३-३ हजार भरले, तर ३६ हजार रुपये देऊन कर्ज कमी होते ते सुमारे ७,९०० रुपयांनी. पूर्ण फेडीला ४४ महिने लागतात आणि एकंदर जवळपास १ लाख ३० हजार रुपये द्यावे लागतात. हेच ६० हजार पतसंस्थेकडून शेकडा १२ दराने घेऊन महिना ३ हजारांनीच फेडले असते, तर २३ महिन्यांत, सुमारे ६७ हजारांत सुटका झाली असती. दोहोंतील फरक बासष्ट हजारांच्या घरात जातो, म्हणजे मूळ कर्जाहून अधिक.

यात लबाडी कोठेही नाही. सगळे करारात लिहिलेले आहे, आणि रिझर्व्ह बँकेने २०२२ साली काढलेल्या निर्देशांनी काही अतिरेकांना लगामही घातला. किमान रक्कम इतकी कमी ठेवू नये की मुद्दल वाढतच जावे. थकलेले शुल्क व कर मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावू नये. केवळ किमान रक्कम भरल्यास फेड वर्षानुवर्षे लांबेल असा इशारा पत्रकावर छापावा, अशी बंधने आली. पण हे इशारे त्या माणसासाठी आहेत ज्याच्यापुढे दुसरा मार्ग खुला आहे. ज्याची असाधारण रजा सुरू झाली, ज्याचा पगार थांबला, त्याच्या दृष्टीने 'किमान देय' हीच कमाल होऊन बसते. आणि एकदा बाकी राहिली की नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही संपुष्टात येते. औषधाच्या दुकानात त्या कार्डावर घेतलेल्या गोळ्यांना त्याच दिवसापासून व्याज लागते. कार्डावर रोख रक्कम काढण्याचा प्रकार तर त्याहून महाग.

सुपे ते दिल्ली

हा प्रश्न नवा असला, तरी हा जिल्हा त्याला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले आणि दख्खनच्या दंग्यांना सुरुवात झाली. चौकशी आयोग बसला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्या कायद्यातील सर्वात मोलाची तरतूद ही की, रोख्यावर काय लिहिले आहे एवढेच न पाहता न्यायालयाने व्यवहाराच्या अगदी उगमापर्यंत जावे, खरे मुद्दल किती आणि व्याजावर चढलेले व्याज किती हे तपासावे, आणि हप्ते बांधून द्यावेत. रोख्याच्या मागे जाण्याचा हा अधिकार परकी सरकारने दिला होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

त्यापूर्वीही आपल्याकडे दामदुपटीचा नियम होताच. कोणत्याही वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, हे हिंदू धर्मशास्त्रातील तत्त्व मुंबई इलाख्यातील न्यायालये मानीत आणि १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यातही ते आले. १९७५ साली महाराष्ट्राने कर्जमुक्तीचा कायदा करून अल्पभूधारक, भूमिहीन व कारागिरांना सावकारी कर्जातून मोकळे केले आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. आज २०१४ चा सावकारी नियमन कायदा अंमलात आहे. त्याखालील दरांनुसार परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर शेकडा ९ व बिनतारणी कर्जावर शेकडा १२, तर इतरांकडून अनुक्रमे १५ व १८ यांहून अधिक घेता येत नाही.

आता चमत्कार पाहा. जुन्नरच्या पेठेतील परवानाधारक सावकाराने शिक्षकाकडून शेकडा एकोणीस घेतले, तर तो गुन्हेगार. त्याच शिक्षकाकडून बँकेने शेकडा बेचाळीस घेतले, तर ती बँकिंग सेवा. बँकिंग नियमन कायद्यात १९८४ पासून लागू झालेल्या कलम २१-अ नुसार, बँकेने आकारलेले व्याज अवाजवी आहे एवढ्या कारणावरून न्यायालयाला तो व्यवहार पुन्हा उघडता येत नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली क्रेडिट कार्डावर तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. व्याजदराचे नियमन हे रिझर्व्ह बँकेचे क्षेत्र आहे, आयोगाचे नव्हे, ही त्यामागची भूमिका. कायद्याच्या दृष्टीने ती तर्कशुद्ध असेल. परंतु रिझर्व्ह बँकेने कमाल दर ठरवलेला नाही, म्हणजे १८७९ साली ऋणकोसाठी उघडलेले दार आज कार्डधारकापुरते बंद आहे.

बँकांची बाजूही ऐकली पाहिजे. कार्डाचे कर्ज बिनतारणी असते. दहा जणांतील एक बुडवतो, त्याचा भार नऊ जणांवर पडतो. म्हणून दर चढा ठेवावा लागतो, असे त्या सांगतात. हे अर्थशास्त्राला धरून आहे. पण याच युक्तिवादाची पुढची पायरी त्या चढत नाहीत. तो दहावा माणूस का बुडतो? काही ऐषारामी असतील, काही लबाडही असतील. पण आजारपण, अपंगत्व, नोकरी जाणे ही त्यामागची नेहमीची कारणे आहेत. म्हणजे चढ्या दरात आजारपणाच्या जोखमीची किंमत आधीच धरलेली आहे, कार्डधारक ती विम्याच्या हप्त्यासारखी दरमहा भरतो आहे, आणि प्रत्यक्ष आजार आला की त्याला भरपाई तर नाहीच, उलट विलंब शुल्क. हप्ता घ्यायचा आणि दावा नाकारायचा, हा व्यवहार एखाद्या विमा कंपनीने केला असता तर आपण त्याला काय म्हटले असते?

अपघाताला दर, आजाराला नाही

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. किंबहुना योजनांची कमतरता नाही. खोट आहे ती योजनांच्या मांडणीत. आपली सगळी व्यवस्था दोन गोष्टी ओळखते: रुग्णालयाचे बिल आणि अपघात. आजाराने बुडणारी मिळकत तिला दिसत नाही.

रुग्णालयाच्या बिलासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे आणि २०२४ पासून तिची मर्यादा ५ लाखांपर्यंत वाढवून ती राज्यातील सर्व कुटुंबांना खुली झाली. हा फार मोठा दिलासा आहे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातील एका रुग्णालयवारीचा सरासरी खर्च १६ हजार ७०० रुपयांच्या आसपास निघाला होता आणि त्यासाठी बरीच कुटुंबे कर्ज काढत होती. पण शस्त्रक्रिया फुकट झाली तरी त्यानंतर सहा महिने घरी पडून राहणाऱ्या माणसाच्या चुलीचे काय? पुण्याला तपासणीसाठी नेण्याच्या गाडीभाड्याचे काय? त्याच्याबरोबर जाणाऱ्या पत्नीच्या बुडालेल्या मजुरीचे काय? ही रक्कम कोणत्याही बिलावर येत नाही. म्हणून ती कार्डावर येते.

अपघाताचे तसे नाही. शेतकऱ्याचा हात किंवा पाय गेला, तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून १ लाख, दोन अवयव गेल्यास किंवा मृत्यू आल्यास २ लाख रुपये मिळतात. सर्पदंशही त्यात धरलेला आहे. वर्षाला २० रुपये हप्त्याची पंतप्रधान सुरक्षा विमा योजना याच धर्तीवर चालते. जुन्नर वनविभागात उसाच्या फडांतून वावरणाऱ्या बिबट्यांनी माणसांवर केलेले हल्ले सर्वश्रुत आहेत. वन्यप्राण्याच्या हल्ल्यातील मृत्यूला २०२३ पासून २५ लाख, कायमच्या अपंगत्वाला साडेसात लाख आणि गंभीर जखमेला ५ लाख रुपये देण्याचा राज्याचा निर्णय आहे. ही भरपाई योग्यच आहे. पण बिबट्याने हात तोडला तर त्या घराला उभे राहता येते आणि मधुमेहाने पाय कापावा लागला तर कार्डाचे व्याज चढत राहते, या भेदाचे समर्थन कोणत्या नीतिशास्त्राने करावे? पाय दोन्ही वेळा तेवढाच गेलेला असतो.

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. तिचा आधार निःसंशय मोठा, पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत, दिव्यांगांच्या बाबतीत ५० हजारांच्या आत, या अटीमुळे ती मदत घर पुरते कोसळल्यावर पोचते. कोसळू नये म्हणून टेकू देणारी एकमेव व्यवस्था राज्य कामगार विम्याची आहे. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता ती देते, पण ठरावीक वेतनमर्यादेतील नोंदणीकृत कामगारांनाच. जर्मनीने आजारपणातील वेतनाचा विमा १८८३ साली कायद्याने आणला. म्हणजे येथे दख्खनचा कायदा रोख्याची दुरुस्ती करीत होता, जवळपास त्याच वेळी तेथे रोखा लिहिण्याची पाळीच येऊ नये अशी व्यवस्था आकार घेत होती.

घेणेकऱ्यांची रांग

धोरण बदलेल तेव्हा बदलेल. आज ज्याच्या घरात आजारी माणूस आहे त्याने काय करावे, हा प्रश्न थांबत नाही. पहिली गोष्ट अशी की, सर्वात मोठ्याने ओरडणारा घेणेकरी हा सर्वात आधीचा घेणेकरी नव्हे. कार्डाच्या वसुलीचे फोन दिवसातून दहा वेळा येतात म्हणून दागिने मोडून ते कर्ज आधी फेडायचे आणि घरतारणाचा हप्ता चुकवायचा, हा क्रम चुकीचा आहे. घर, शेत किंवा सहकाऱ्याची जामीनकी ज्या कर्जाला गुंतलेली आहे, ते कर्ज पुढे. शिक्षकांच्या पतसंस्थेचे कर्ज तर सहकार कायद्याच्या कलम ४९ खाली पगारातूनच कापले जाते, आणि पगार थांबला की त्याच शाळेतील दोन जामीनदारांच्या पगाराला हात लागतो. आजाऱ्याच्या घरी विचारपूस करायला येणारा माणूसच मग अवघडून येईनासा होतो.

कार्डाचे कर्ज हे दिवाणी स्वरूपाचे देणे आहे. ते न फेडता आल्याने कोणी तुरुंगात जात नाही, वसुली अधिकारी फोनवर काहीही सांगोत. दावा होऊन हुकूमनामा झाला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार पगारातील पहिले एक हजार रुपये व उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीबाहेर राहतात. निवृत्तिवेतन, उपदान, भविष्यनिर्वाह निधी यांना हात लावता येत नाही. शेतकऱ्याची अवजारे, बैल, बियाणे आणि राहते घर यांनाही संरक्षण आहे. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि सायंकाळी सातनंतर फोन करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ साली बजावले आहे. कर्जदाराचा मृत्यू झाल्यास वारसांची जबाबदारी मृताच्या मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. ही माहिती कोणी कर्ज बुडवावे म्हणून द्यायची नसते. भीतीपोटी माणूस एका कार्डाचे देणे दुसऱ्या कार्डाने आणि दुसऱ्याचे खासगी सावकाराकडून भागवत जातो, ती साखळी तुटावी म्हणून द्यायची असते.

हप्ता चुकण्याआधी, वैद्यकीय प्रमाणपत्रासह बँकेला लेखी कळवावे, कार्ड वापरणे थांबवावे, बाकी रकमेचे कमी दराने मासिक हप्ते बांधून मागावेत. तोंडी विनंतीला किंमत नाही, पोच घेतलेल्या पत्राला आहे. तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. शक्य असेल तेथे पतसंस्थेचे स्वस्त कर्ज काढून महागडे कार्ड मिटवावे, पण जामीनदाराला आजाराची खरी कल्पना देऊनच. जुन्नर आणि घोडेगाव येथील न्यायालयांत लोकअदालती भरतात. तेथील तडजोडीवर अपील नसते, म्हणून सही करण्यापूर्वी नीट वाचावे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. तो फारच थोडे लोक वापरतात.

पगारदारांपैकी पुष्कळांना ठाऊक नसलेली आणखी एक तरतूद आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला कामावरून काढता येत नाही किंवा त्याचा दर्जा कमी करता येत नाही. जुने काम जमत नसेल तर दुसऱ्या पदावर, तेही नसल्यास अधिसंख्य पदावर त्याच वेतनात ठेवावे, असे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २० सांगते. शासकीय कार्यालयांबरोबर अनुदानित संस्थाही त्याच्या व्याख्येत येतात. खचलेल्या मनाने राजीनामा लिहून देणाऱ्या शिक्षकाला हे वेळेवर कोणी सांगितले, तर त्याचे कर्जही फिटते आणि घरही वाचते.

धोरणाच्या बाजूने विचार केला, तर पूर्वदाखला फार जुना नाही. २७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने सर्व मुदत कर्जांच्या व क्रेडिट कार्डांच्या हप्त्यांना तीन महिन्यांची स्थगिती देण्याची मुभा बँकांना दिली आणि ती पुढे ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. २ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जांवरील व्याजावरचे व्याज केंद्र सरकारने भरून दिले. त्यात कार्डाची बाकीही होती. सबंध देश आजारी पडला तेव्हा जे शक्य झाले, ते एक घर आजारी पडल्यावर अशक्य का ठरावे? ब्रिटनने मे २०२१ पासून कर्जबाजारी कुटुंबांना साठ दिवसांचा श्वास घेण्याचा अवकाश कायद्याने दिला. मानसिक आजाराच्या तीव्र अवस्थेत उपचार चालू असेपर्यंत तो चालतो. आपल्या २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतही अगदी लहान ऋणकोला नव्याने सुरुवात करू देणारे प्रकरण आहे. वार्षिक उत्पन्न ६० हजारांच्या आत आणि कर्ज ३५ हजारांच्या आत अशा त्याच्या अटी. ते प्रकरण कायद्याच्या पुस्तकात आहे, अंमलात आलेले नाही.

खोटी प्रमाणपत्रे निघतील, हा आक्षेप लगेच येतो आणि तो खोटा नाही. आणेवारीतही कमी-जास्त लिहिले जात नाही असे कोण छातीवर हात ठेवून सांगेल? तरीही म्हणून कोणी आणेवारी बंद करा असे म्हटले नाही. उपजिल्हा रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर सहा महिने व्याज गोठवणे, त्या काळात विलंब शुल्क न लावणे, आणि पीककर्जाच्या बाबतीत अशा सभासदाला ३१ मार्चऐवजी वर्षभराची मुदत देऊन सवलत कायम ठेवणे, एवढे केले तरी निम्मी घरे तरतील.

दिल्ली-मुंबईची वाट न पाहता करण्याजोगे एक काम गावातच आहे. पगारदारांच्या अनेक पतसंस्थांत सभासदाचा मृत्यू झाल्यास कल्याण निधीतून त्याचे कर्ज अंशतः किंवा पूर्ण फेडण्याची सोय असते. त्यासाठी सगळे सभासद दरमहा थोडी वर्गणी देतात, आणि कोणाची तक्रार नसते. दीर्घ आजाराने बिनपगारी झालेल्या सभासदाचे सहा हप्ते याच निधीतून भरण्याचे कलम उपविधीत घालता येते. त्याला सर्वसाधारण सभेचा ठराव आणि निबंधकाची मंजुरी लागते. या सभा दर वर्षी ३० सप्टेंबरच्या आत होतात, आणि लाभांशाचा विषय संपला की बहुतेक सभासद उठून जातात.